मांड्यातून सूर्य दिसतो

सोळाव्या वर्षी मला सगळं येत होतं. म्हणजे तसं मला वाटत होतं, आणि ज्यांना तसं वाटत नव्हतं त्यांना ते दाखवून देण्याची मला भारी हौस होती. त्या पोरीला आज कुठे गाठता आलं तर मी तिला आधी दोन वाजवीन आणि मग सांगेन, बाई, तोंड बंद ठेव आणि हात त्याहून बंद ठेव. पण ती काही ऐकणारी नव्हती. तिला मांडे येत होते.

आमच्या खानदेशात मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. बाहेरची माणसं तिला नुसती पुरणपोळी म्हणतात तेव्हा मला राग येतो. पुरणपोळी लाटतात. मांडा हातावर मोठा होतो. जामनेरला माझ्या मायनं मला तो शिकवला तेव्हा मी अकरा वर्षांची असेन. गहू धुऊन, फडक्यात बांधून, दमट असतानाच जात्यावर बारीक दळायचे. ते पीठ जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळायचं. कणीक मिठाच्या पाण्यात सैल भिजवायची आणि परातीत इतकी आपटायची की शेजारणीनं येऊन विचारावं, कोणाला मारताय. हरभऱ्याची डाळ शिजवून गूळ घालायचा आणि पुरण पाट्यावर वाटायचं, एकही कणी राहता कामा नये, कारण मांडा त्या कणीपाशीच फाटतो. मग दोन छोट्या पुऱ्यांच्या मधे पुरण ठेवून कडा मिटवायच्या, जराशी लाटायची आणि हातावर घ्यायची. या हातावरून त्या हातावर, तळव्यापासून मनगटावर, मनगटापासून कोपरावर, गोल फिरवत फिरवत ती मोठी होत जाते. बांगड्या कोपराच्या वर सारून फडक्यानं बांधाव्या लागतात, नाहीतर एका बांगडीनं सगळा मांडा जातो. शेवटी तो चुलीवरच्या उलट्या, तापलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. टाकताना हात खापराला लागतोच. मांडे करणारी बाई तिच्या हातावरच्या डागांवरून ओळखू येते.

मायनं मला दोन उन्हाळे नुसत्या कणकेवर शिकवलं. माझे फाटलेले मांडे खाऊन आमच्या गल्लीतलं कुत्रं लठ्ठ झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात एक मांडा अखंड उतरला आणि त्या दिवसापासून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

माझं लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. सासर भडगावचं, गिरणेच्या काठचं. घरात सासूबाई, सासरे, माझे मालक आणि मी. मालकांची थोरली बहीण शिंदखेड्याला दिलेली. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का चौथीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे घरात सासूबाई-सासरे अहिराणी बोलत तेव्हा ती पुस्तकातल्यासारखं बोलायची. दोन्ही मनगटांवर रुंद पाटल्या. त्या ती झोपतानाही काढायची नाही. म्हणायची, पाटल्या काढल्या की मनगट बोडकं दिसतं. आता तुम्हाला कळलंच असेल की अक्काला मांडे का येत नव्हते.

लग्न फाल्गुनात झालं आणि दोन महिन्यांत आखाजी आली. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरायचा दिवस, आणि मुलींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक लेक त्या दिवसांत माहेरी येते. तिला न्यायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. गावोगाव कडुनिंबाला झोके बांधतात, आणि नवीन लग्न झालेल्या पोरी त्यावर बसून दिवसभर गातात, सासूला शिव्या घालतात, हसतात. पण तो झोका कायमचा नाही. पहिली तीन-चार वर्षं, फार तर. मग कडेवर मूल येतं आणि झोक्यावर दुसऱ्या पोरी बसतात. आम्हा चौघी मैत्रिणींचं ठरलं होतं की पहिल्या आखाजीला जामनेरला आमच्या दारच्या निंबाखाली भेटायचं आणि चौघींनी एका झोक्यावर बसायचं. दोरी तुटली तर तुटली. मला बाकी काही नको होतं. दागिने नको, लुगडं नको. तो झोका हवा होता.

आखाजीच्या चार दिवस आधी अक्का शिंदखेड्याहून आली. मी मुराळ्याची वाट बघत होते, आणि वाट बघता बघता मला वाटलं, जाण्याआधी या लोकांना जरा दाखवावं आपण कोण आहोत ते. इथे मी त्या पोरीला मारते. कोणी मागितले नव्हते मांडे. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, आज भाकरी कर. पण हिनं खापर मांडलं.

पहिला मांडा उतरला. अक्का बाजेवर बसली होती. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, दारात नेला आणि उन्हासमोर धरला.

"आई, बघ. यातून सूर्य दिसतो."

सासूबाई बघायला आल्या. शेजारची बाई आली. सासरे ओसरीवरून आत डोकावले. मी चुलीपुढं बसून अशी लाजत होते जशी काही मी सूर्यच भाजून काढला होता.

अक्का म्हणाली, "आई, घरात असा हात असताना पितरांच्या घागरीपुढं तू जाड पोळी ठेवणार का? मला तर बाई लाज वाटेल."

सासूबाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "मंग हाईच करी आखाजीना मांडा. जामनेर काय पळी जास का?"

दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ मुराळी म्हणून आला. त्यानं पाय धुतले, चार मांडे खाल्ले, वर तूप मागितलं, आणि सासूबाई म्हणाल्या तसं, "पुढच्या वर्षी," म्हणून एकटा परत गेला. मी दाराआडून त्याची छत्री वळणापर्यंत बघितली.

आखाजीच्या दिवशी मी बत्तीस मांडे केले. अक्का आमच्या अंगणातल्या झोक्यावर बसली होती, भडगावच्या तिच्या मैत्रिणींबरोबर. मधेमधे तिचा आवाज यायचा, "वहिनी, वरून तूप." मी तूप नेऊन वाढायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. साठ-पासष्ट वर्षांनी माणसाचे कान जातात, पण काही काही गोष्टी कानात नसतातच मुळी.

आता म्हातारपणी मला अक्काची बाजूही कळते. वर्षातून एकदा ती माहेरी यायची. मी गेले असते तर चुलीपुढं तिला बसावं लागलं असतं. तिलाही झोका हवा होता. कळतं मला. कळलं म्हणून मी माफ केलं असं कोणी समजू नये.

दुसऱ्या वर्षी तेच. अक्का आली, सूर्य दिसला, भाऊ परत गेला. तोपर्यंत भडगावातल्या दहा घरांत माझ्या मांड्याचं नाव झालं होतं आणि मूर्खासारखी मी त्यावर खूश होते. दर वेळी वाटायचं, एवढी किंमत आहे माझी, एकदा तरी म्हणतील, जा बाई, दमलीस. किंमत होती म्हणूनच सोडत नव्हते हे कळायला मला तिसरं वर्ष लागलं.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, मांडे फाडायचे. बिघडवायचेच. पुरणात मुद्दाम डाळीच्या कण्या ठेवल्या. कणीक नीट आपटली नाही. पहिला मांडा मनगटावर आला आणि मधोमध फाटला. मनात म्हटलं, झालं काम. दुसरा फाटला. सासूबाई कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. तेवढ्यात भाऊ आला, ओसरीवर बसला, आणि अक्का त्याच्यासमोर अगदी गोड आवाजात म्हणाली, "यंदा हात का बसेना वहिनीचा? की जामनेरला दोनच वर्षांचं शिकवतात?"

भावानं नुसती मान खाली घातली. पण मला मायची ती जुन्या धोतरानं पीठ गाळणारी बोटं दिसली. मी उठले, ते पुरण बाजूला सारलं, नवं वाटलं, नवी कणीक आपटली, आणि सगळ्यांसमोर असा मांडा ओढला की तसा मी आयुष्यात पुन्हा कधी ओढला नाही. कोपरापासून कोपरापर्यंत, मधे फुंकर मारली तर हलावा. भाऊ हसला. त्यानं तो खाल्ला आणि एकटा परत गेला.

त्या संध्याकाळी मी परात घासत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की अक्कानं मला एक शब्दही वाईट बोलून अडकवलेलं नव्हतं. कौतुकानं बांधलं होतं. आणि यंदा कौतुक पुरलं नाही तेव्हा मायचं नाव काढलं. दोन दोऱ्या होत्या, दोन्ही माझ्याच गळ्यात. मी परात पुन्हा एकदा घासली, ती स्वच्छ असताना. डोकं चालत होतं.

संधी आली माघात. अक्काच्या धाकट्या मुलाचं जावळ होतं. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात, त्यामुळे मालकांना जाणं भागच होतं, आणि मामी म्हणून मी. सासूबाईंचे गुडघे धरले होते, त्या आल्या नाहीत. त्या आल्या असत्या तर ही गोष्ट झालीच नसती. त्यांच्या गुडघ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

पाचोऱ्याहून गाडीनं जळगाव, तिथून गाडी बदलून शिंदखेडा. सगळा प्रवासभर मी मालकांशी इतकी गोड बोलत होते की त्यांनी दोनदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

अक्काचं सासर मोठं. सासूला घरात सगळे नानी म्हणत. दोन थोरल्या जावा. जावळाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या बायका स्वयंपाकघरात होत्या. थोरली जाऊ मुसळानं मसाला कांडत होती, दुसरी वांगी भाजत होती, कपाशीच्या काड्यांवर, आमच्याकडे भरताची वांगी तशीच भाजतात. नानी लसूण सोलत होत्या. अक्का कुठे होती? अक्का पुढच्या खोलीत पोराला झोपवत होती. मी विचारलं, मदत करू का, तर थोरली जाऊ म्हणाली, "बसा हो तुम्ही, पाहुण्या. तुमच्या नणंदबाईंच्या वाटणीचं आम्ही करतो, तर तुमच्या वाटणीचं काय जड आहे?"

दुसरी म्हणाली, "लहानपणी हात लचकला होता ना त्यांचा. लाटणं-थापणं जमत नाही."

लचकला होता. तीन वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत होते आणि मला ते माहीतही नव्हतं.

मी पाट्यापुढं बसले, चटणी वाटायला घेतली आणि अगदी सहज, वर न बघता म्हणाले, "अगं बाई. हात लचकला? मग बरा झाला असेल. आमच्याकडे आखाजीला मांडे तर अक्काच करतात."

मुसळाचा आवाज थांबला.

"मांडे?" नानी म्हणाल्या.

"हो. मी आपली जाळ घालते. मला कुठलं येतंय तसं. बत्तीस-बत्तीस मांडे करतात, नानी. अखंड. उन्हात धरला तर सूर्य दिसतो त्यातून."

खोटं बोलले. सरळ खोटं, आणि बोलताना जीभ जराही अडखळली नाही. त्यात एक वाक्य तर अक्काचंच होतं. तिचं तिला परत केलं.

दोन्ही जावांनी एकमेकींकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. सहा वर्षांच्या वाटणीच्या भाकऱ्या होत्या त्या नजरेत. नानींनी लसणाची पाकळी खाली ठेवली.

"आम्हले कधी बोलनी नही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात अक्का आली. पोर झोपलं होतं. पाटल्या मागे सारत तिनं विचारलं, "काय चाललंय?"

"तुन्हं कवतिक चालू शे," नानी म्हणाल्या. "यंदा आखाजीले आठेच ऱ्हाय. पितरंसले मांडा कर, मंग जाय माहेरले."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी चटणी वाटत होते. तिच्यापुढं दोन वाटा होत्या. मला मांडे येत नाहीत म्हणावं, तर मग आखाजीला माहेरी जाऊन करतेस काय, हा प्रश्न जावांच्या ओठावर तयार होता. शिवाय लेकीला मांडाही शिकवला नाही म्हणून तिच्या आईचं नाव निघालं असतं. येतात म्हणावं, तर करून दाखवावे लागले असते. मी त्या जागी तीन वर्षं उभी होते, मला तिथली हवा माहीत होती.

"करीन," अक्का म्हणाली.

परतीच्या गाडीत मी शेव खाल्ली. मालक म्हणाले, तुला एवढं हसायला काय झालंय. मी म्हटलं, मिरची लागली.

आखाजीच्या आधी मालक शिंदखेड्याला अक्काचे मुराळी म्हणून गेले आणि तिसऱ्या दिवशी एकटे परत आले. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"अक्का?"

"नानींनी ठेवून घेतलं. मांडे करायचेत म्हणे तिला."

सासूबाईंनी त्यांच्या मागे रस्त्यावर बघितलं. मग, "तिले मांडा कुठे येतस?"

मी चुलीत काडी सारली. धूर झाला म्हणून डोळे पुसले. त्यांना वाटलं मी रडतेय. बरं झालं.

माझा भाऊ आला तेव्हा मी नेहमीसारखं खापर काढायला गेले. खरंच गेले, सवय लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "ठी दे ते. लेक नही त्या घरमा मांडा कसाले? साध्या पोया करसू मी. तू जाय."

मी कशी निघाले ते मला आठवत नाही. पाचोऱ्याला छोट्या रुळांची गाडी उभी होती, तीच जामनेरला जाते. ती इतकी हळू जाते की माणूस उतरून शेंगा तोडून पुन्हा चढू शकतो. त्या दिवशी मला ती उडतेय असं वाटत होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला तिसरा महिना चालू होता. सांगितलं असतं तर गाडीत बसू दिलं नसतं.

मायनं मला दारात बघितलं. भाकर-तुकडा ओवाळला, चेहऱ्याकडे बघितलं, मग पायाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"कितवा?" ती म्हणाली.

दारच्या निंबाला झोका होता. त्यावर चौघी नव्या पोरी बसल्या होत्या, मला त्यातल्या दोघींची नावंही माहीत नव्हती. माझ्या तीन मैत्रिणींपैकी एक आलीच नव्हती, एकीच्या कडेवर पोर होतं, आणि तिसरी उंबऱ्यात बसून आपल्या दुसऱ्या पोराला पाजत होती. मी झोक्याजवळ गेले. दोरीला हात लावला. पोरी सरकून जागा करायला लागल्या.

"हात काढ," माय मागून म्हणाली. "झोक्यावर नाही बसायचं या दिवसांत."

"एकदाच."

"हात काढ म्हटलं ना."

मी हात काढला. एवढं खोटं बोलून, एवढ्या लांबून येऊन मी त्या झोक्याला फक्त हात लावला. त्यानंतर मी कधीच त्यावर बसले नाही. पुढच्या वर्षी पोर, मग दुसरं, मग दोरी दुसऱ्यांची.

मायनं मला निंबाखाली पाट टाकून दिला. माझी वहिनी, भावाची बायको, तिच्या माहेरी गेली होती, त्यामुळे खापरापुढं मायच होती. मला जवळ येऊ दिलं नाही. पहिला मांडा तिनं मला दिला, गरम, घडी घालून, वर तुपाचा गोळा, बाजूला आमरसाची वाटी. चार वर्षांत मी न केलेला मांडा मी पहिल्यांदा खाल्ला. तो कडेला थोडा करपला होता. मी पाच खाल्ले. आणि पाचवा खाताना झोक्यावरच्या पोरींकडे बघत मनात पक्कं केलं की अक्कानं माझ्या तीन आखाज्या घेतल्या, एका आखाजीनं तिची सुटका नाही.

बाळंतपण जामनेरलाच झालं. मुलगा झाला. पौषात मी त्याला घेऊन भडगावला परतले आणि आठवड्याभरात अक्का भाच्याला बघायला आली. झबलं आणलं, टोपडं आणलं. मी बाजेवर होते, कान बांधलेले, खाली शेक. तिनं बाळाला घ्यायला हात पुढं केले आणि मला दिसलं.

मनगटावर पाटल्या नव्हत्या. तळव्यापासून कोपरापर्यंत खापराचे डाग, काही जुने, काही अजून गुलाबी. अगदी माझ्या हातांसारखे हात.

इथे मला वाईट वाटलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. नाही वाटलं. मला इतकं छान वाटलं की मी बाळाला आपणहून तिच्या हातात दिलं.

सासूबाई बाहेर गेल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "वहिनी, नानींना मांड्याचं कोणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"कौतुक केलं तुमचं."

ती बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत राहिली. मग तिनं सांगितलं. आखाजीला पहिले सोळा मांडे फाटले. मांडे बघायला थांबलेल्या जावा पदरात तोंड घालून हसल्या. नानींनी फाटलेले मांडे गोळा करून सगळ्यांच्या पानात वाढले आणि म्हणाल्या, उद्या पुन्हा. त्या दिवशी अक्कानं पाटल्या काढून ठेवल्या. रोज दुपारी कणीक घेऊन ती न्हाणीच्या मागे बसायची. बैलपोळ्यापर्यंत एक अखंड उतरला.

"आता येतात," ती म्हणाली. "चांगले येतात. पण नानी म्हणतात, आता दर आखाजीला इथेच. जावा माहेरी जातात आणि मी..." ती थांबली. "तू नानींना काहीतरी सांग ना. म्हणावं, हात दुखतो अक्काचा. तुझं ऐकतील. यंदा तरी मला इकडे येऊ दे."

तिच्या बोलण्यातला पुस्तकी तोरा गेला होता. डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्याकडे बघितलं, आणि मला आमच्या निंबाची दोरी आठवली.

"बघू," मी म्हणाले. "आधी करून तर दाखवा मला. बघू दे कसे येतात ते."

तिला वाटलं मी विरघळले. बिचारी उठली. खापर मांडलं, कणीक आपटली, बांगड्या वर सारून बांधल्या. मला बाजेवरून सगळं दिसत होतं. हात चांगला बसला होता, उगाच नाही म्हणणार. तळव्यापासून मनगटावर, मनगटापासून कोपरावर. माझ्यापेक्षा थोडा सावकाश, पण माझ्यापेक्षा सारखा. मांडा खापरावर पडला, उतरला. ती तो माझ्याकडे घेऊन आली, आणि सोळा वर्षांच्या एका पोरीचा चेहरा मला तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"कसा झालाय?"

मी तो दोन्ही हातांनी उचलला. खिडकीतून ऊन येत होतं, त्यासमोर धरला. सासूबाई नुकत्याच आत आल्या होत्या.

"आत्याबाई," मी सासूबाईंना जरा मोठ्यानं म्हणाले, "इकडे या. बघा. यातून सूर्य दिसतो."

सासूबाईंनी बघितलं. लेकीच्या हातचा मांडा त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितला. डोळे भरून आले त्यांचे. त्यांनी अक्काच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मंग आते बठ्ठा मांडा तूच कर, बाई. ही बाळतीन शे."

अक्का महिनाभर राहिली. पाहुणे येत होते बाळाला बघायला, आणि आलेल्या प्रत्येकाला सासूबाई लेकीचा मांडा खाऊ घालत होत्या. मी बाजेवर, मांडीवर बाळ. पहिल्याच दिवशी पान समोर आलं तेव्हा मी हाक मारली, "अक्का, वरून तूप."

ती तूप घेऊन आली. वाढताना माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला आठवलं असावं. मग तिनं गोळा चांगला मोठा टाकला, मांड्याच्या मधोमध, म्हणजे घडी उघडल्यावर सगळं तूप माझ्या लुगड्यावर सांडेल असा. सांडलं. मला ती तिथे पहिल्यांदा आवडली.

नानींना मी काही सांगितलं नाही. अक्का पुढची नऊ वर्षं आखाजीला भडगावला आली नाही. तिची धाकटी जाऊ आली आणि शिकली तेव्हा सुटली. तोवर तिचाही झोका गेला होता.

माझ्या घरातल्या सुना, नातसुना म्हणतात, आजीच्या तोंडून चांगलं म्हणून निघत नाही. खरं आहे. परवा धाकट्या नातसुनेनं हौसेनं मांडा केला. लग्न होऊन तिला तीन महिने झालेत, आखाजी आठ दिवसांवर आलीय. पुण्याहून आलेल्या माझ्या लेकीनं तो उचलून उन्हात धरला, आणि तोंड उघडणार तेवढ्यात मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"चामडं झालंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आखाजीला हिचा काही उपयोग नाही. बाहेरून मागवू."

पोरीचा चेहरा पडला. ती आत गेली. मी काठी टेकत मागोमाग गेले. ती कणकेच्या परातीपुढं रडत बसली होती. मी तिला म्हटलं, "भावाला फोन कर. उद्याच ये म्हणावं. आणि मायच्या दारचा झोका बांधला का, तेवढं विचार."